तीन जांभळी गांडुळं

सुखदेव,

तुझ्या घरी परवा जमलेल्या माणसांनी तुझ्याविषयी जे जे सांगितलं ते सगळं खरंच होतं, तरी मला वाटत राहिलं की ही माणसं भलत्याच कोणाबद्दल तरी बोलताहेत. एक जण म्हणाला, अकोल्याच्या जुन्या शहरात असा सचोटीचा सायकलवाला पुन्हा होणे नाही. दुसऱ्याने तुझ्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. शांत स्वभाव! मग म्हैसडोहावर ओला गमछा गोळा करून ज्याने माझ्या तोंडावर फेकला तो कोण होता? मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो आणि माझ्या मनात एकच वाक्य आलं, की सुखदेव गरीत गांडूळ फार सरळ ओवायचा. हे तिथे कसं बोलणार? हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मित्राला शब्द फुटेना.

म्हणून ते इथे लिहितो. तू वाचणार नाहीस, आणि वाचणार नाहीस म्हणूनच धीर होतोय.

गळाला आपल्या गावात गरी म्हणत. चांदूर बाजारकडचं आपलं गाव, गावाला लागून पूर्णा आणि पूर्णेत म्हैसडोह. आपण दोघं एकाच वर्षी सातवी पास झालो. त्याच उन्हाळ्यात तुझे वडील गेले. मी अमरावतीच्या बोर्डिंगात आलो आणि तू अकोल्याला मामाच्या सायकल दुकानात. मी पुढे कचेरीत कारकून झालो, तिथेच राजापेठेत बिऱ्हाड केलं, बुशकोट घालू लागलो. पण सुटीच्या रविवारी आपण दोघंही गावी येऊन डोहावर बसायचोच. तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

छप्पन साली आपल्या घरांनी दीक्षा घेतली, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तू डोहावर रिकाम्या हाताने आलास. गांडुळांचा डबा नाही, बेडकांची थैली नाही. मी विचारलं तर म्हणालास, "आता जिवंत गांडूय ओवाचं नाई. तडफडते ते." मी हसून हसून लोळलो. म्हटलं, "अन् मासा काय बसून भजन करते का गरीवर? गांडूय सोडतं अन् मासा धरतं, हे कोन्तं शील बे?" तू जराही न चिडता म्हणालास, "एक तं कमी झालं ना?" हा वाद आपण दहा-अकरा वर्षं घातला. मी दर वेळी नवा मुद्दा काढायचो आणि तू दर वेळी तेच एक उत्तर द्यायचास. अजूनही मला वाटतं की मुद्दा माझाच बरोबर होता. पण डोहावर हात धुऊन घरी जाताना मला माझा मुद्दा आठवत नसे, तुझं उत्तर आठवत असे.

मग तुझे रबराचे प्रयोग सुरू झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी कापून तू तिची गांडुळं केलीस. तेलात भिजवलीस, उकळून पाहिलीस, चुलीवर वहिनींचं पातेलं खराब केलंस. लहान मासे फसले. पण डोहातल्या कपारीत जो म्हातारा मरळ होता, ज्याची पाठ आपण दोघांनीच पाहिली होती, तो येई, रबराला तोंड लावी आणि थुंकून टाकी. "त्याले टनक लागते," तू म्हणायचास. त्या माशाचं तू असं कौतुक करायचास की एखाद्याने आपल्या हेडमास्तरांचंही केलं नसेल.

मुंबईच्या गोदीत कामाला असलेला तुझा मेहुणा एकदा ते पाकीट घेऊन आला. कुण्या खलाशाने दिलेलं. आत दहा गांडुळं, मऊ प्लास्टिकची, हातात घेतली की लुळी पडणारी, वासाला औषधासारखी आणि रंगाने जांभळ्या शाईसारखी. मी म्हटलं, "जांभयं गांडूय कोठी असते बे?" तू म्हणालास, "मासा काय शाळेत गेला हाय?" त्या दिवशी तू दुकान दुपारीच बंद केलंस. गिऱ्हाईक सायकल घेऊन दारात उभं आणि तू आत बादलीत प्लास्टिकचं गांडूळ हलवून पाहतोयस, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या दहांवर तू किती वर्षं काढलीस! एखादं फाटलं की चाकाची तार शेगडीत तापवायची, दोन्ही तोंडांना टेकवायची आणि वितळलेली तोंडं चिकटवून फुंकर घालायची. जोडाच्या जागी काळा वळ राही. टायरला पॅच मारावा तसं तू गांडुळांना जपलंस.

आणि ते ओवणं. गरीचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध घालायचं. नखाएवढं आत गेलं की कुशीतून बाहेर काढायचं. तिथून अख्खी गरी ओढून घ्यायची, दोरा बांधलेलं टोक डोक्यात लपेपर्यंत. मग गरी फिरवायची, गांडूळ तिच्या शेजारी मोकळं लोंबू द्यायचं, आणि टोक जिथे टेकेल नेमकं तिथेच पुन्हा अंगात रोवायचं. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. वाकडं बसलं तर ते पाण्यात गिरक्या घेतं आणि म्हाताऱ्याला लगेच कळतं. टोक आतच राहिलं पाहिजे, तोंडाला टोचता कामा नये. पण फार खोलही नको, नाहीतर वेळेला बाहेर येणार नाही. दोऱ्याचं शिसंसुद्धा तू काढून टाकलंस, कारण ते पाण्यात पडलं की आवाज होतो. मी ओवलेलं गांडूळ तू हातात घेऊन पाहायचास, काही न बोलता उसवायचास आणि पुन्हा ओवायचास. मला इतका राग यायचा!

नंतर तुझी नजर कमी झाली तेव्हा हे काम सुमनकडे गेलं. दुकानाच्या पायरीवर बसून, मांडीवर इतिहासाचं पुस्तक उघडं ठेवून तुझी पोरगी गांडुळं ओवायची. पुस्तकातून मान वर काढायची नाही आणि गांडूळ मात्र दोरीत धरल्यासारखं सरळ. मी एकदा म्हटलं, "सुमे, तुझा बाप तुले मासेवाली करन." ती म्हणाली, "नाई काका, मी मास्तरीन होनार हाय." तू पंक्चर काढत होतास. वर पाहिलं नाहीस, पण हसलास ते मला दिसलं.

ओवणं एक आणि थांबणं दुसरं. थांबणं मला कधीच जमलं नाही. तू हजारदा सांगितलं असशील. "म्हातारा मासा पयले नुसता तोंड लावून पाह्यते. दोर जरासा सरकते. तवा वढाचं नाई. सोल्युशन लावल्यावर आपन थांबतो का नाई? ओलं असताना पॅच बसोला तं निंघून येते. तसं. त्याले घेऊ दे, घिऊन जाऊ दे, मंग वढ." मी मान डोलवायचो आणि दोर सरकला की ओढायचो. माझा स्वभाव हा असा. कचेरीतसुद्धा समोरचा माणूस अर्ज वाचून दाखवत असतानाच मी त्याला नाही म्हणून मोकळा होतो.

गेल्या वर्षीच्या त्या रविवारी दहांतली चारच उरली होती. तू तीन तास बसला होतास. पाणी प्यायला उठलास आणि बांबू माझ्या हातात दिलास. म्हणालास, "नुसता धरून ठेव." तू ओंजळ तोंडाला लावली असशील नसशील, तोच दोर सरकला. मी ओढला. बांबू कमानीसारखा वाकला, पाण्यावर म्हाताऱ्याचं ते काळं डोकं एकदा वर आलं आणि दोर तटकन तुटला. गांडूळ गेलं, गरीही गेली.

"तुले कोनं सांगतलं होतं वढाले?"

"दोर हालला म्हून वढला!"

"तो चाखून राह्यला होता बे! आता तो तोंडात गरी घिऊन फिरन. खाईन कसा तो?"

"मासाच हाय ना?"

तेव्हा तो गमछा माझ्या तोंडावर बसला. आणि तू म्हणालास, "इतका शिकला तू, मन्या, अन् तुले थांबता नाई आलं."

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळच आली नसती. पण मी म्हणालो, "तू थांबतच राह्यला, म्हून तं जलमभर पंक्चर काहाडत बसला."

सुखदेव, तुझ्या मार्कांची मला जन्मभर टोचणी होती. ती त्या दिवशी अशी बाहेर आली. तू बांबू उचललास, उरलेली तीन गांडुळं काडेपेटीत घातलीस, सायकलवर बसलास आणि गावाकडे निघून गेलास. मी एसटीच्या फाट्यापर्यंत चालत गेलो. वाटेत मी तुझ्यावरच चिडलेला होतो, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर वर्षभर आपण बोललो नाही. अकोल्याला कामासाठी आलो तरी मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात पाऊल टाकलं नाही. तुझ्या दुकानाची आठवण आली की मी मनातल्या मनात भांडायचो आणि दर वेळी मीच जिंकायचो.

मग यंदा चैत्रात, रविवारी सकाळी, तू राजापेठेत माझ्या दारात उभा. हातात काडेपेटी. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली. मी पाहिलं आणि मला वाटलं, गड्याचा माज उतरलाय. असं मला वाटलं, सुखदेव! तू खुर्चीच्या कडेवर टेकलास. माझ्या बायकोने पोहे दिले ते तू चमच्याने नुसते इकडचे तिकडे केलेस. मोर्णेचं पाणी आटलं म्हणालास. दुकानात आता बसवत नाही म्हणालास. उन्हाने असेल, मी म्हणालो. सुमन नववी पास होईल, वर्गात पहिलीच येईल म्हणालास. मी हूं म्हणालो. काडेपेटी खिडकीत ठेवलीस आणि म्हणालास, "हे तिन्ही तुह्यासाठी. आता मले काई जमत नाई डोहावर." मी तरीही काही विचारलं नाही. मग तू चहाची बशी खाली ठेवलीस.

"मी काय म्हनतो, मनोहर..."

तू मला उभ्या आयुष्यात मनोहर म्हटलं नव्हतंस. तेवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं. पण मी वर्षभर मनात जे घोकत होतो ते माझ्या ओठांवर तयारच होतं. "हे पाह्य सुखदेव, म्हैसडोहाचं काहाडनार असशीन तं मले आयकाचं नाई. माफी मागाची असन तं माग, नाई तं चहा पे."

तू हसलास. "तसं काई नाई बे," म्हणालास. बशीतला उरलेला चहा प्यायलास आणि उठलास. मी खुर्चीतून हललोही नाही. माझी बायको तुला दारापर्यंत पोचवायला गेली.

परवा तुझ्या घरची माणसं पांगल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. म्हणाल्या, "भाऊजी, तेयनं तुमाले सुमनचं इचारलं नोतं का?"

मी विचारलं, "काय सुमनचं?"

तेव्हा मला कळलं. फाल्गुनातच डॉक्टरने तुला पोटातल्या गाठीचं सांगितलं होतं. फार दिवस नाहीत म्हणाला होता. दुकान बंद होणार, वहिनी धाकट्या दोघांना घेऊन गावी जाणार, आणि गावात सातवीच्या पुढे शाळा नाही. सुमनची मॅट्रिकला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं तिने राजापेठेत माझ्या घरी राहावं, एवढंच तुला मागायचं होतं. त्यासाठी तू तसल्या दुखण्यात एसटीचे धक्के खात आला होतास.

"घरी आले तं म्हने, मनोहरची घडी बरी नोती, पुन्हा जाईन," वहिनी सांगत होत्या. "मंग पंधरा दिवसांत अंथरूनच धरलं. उठनंच झालं नाई. म्हनाले, डोये मिटाच्या आंधी पोट्टीचे हात पिवये करून टाकू." ज्येष्ठात लग्न उरकलं. मला पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

एक कार्ड टाकता आलं नसतं का रे तुला? दोन ओळी? मी हा प्रश्न तुझ्या भिंतीकडे पाहत मनात विचारला आणि मलाच उत्तर मिळालं. जन्मभर पंक्चर काढत बसलास असं ज्याने तोंडावर सांगितलं, त्याला कोण कार्ड टाकेल, की बाबा, माझी पोरगी तरी शिकव? तू तरीही स्वतः आलास. तू मला शिकवलेलं सगळं त्या दिवशी माझ्या बैठकीत घडत होतं. मोर्णेचं पाणी, दुकान, नववी, काडेपेटी. तू आधी नुसता अंदाज घेत होतास, दोर जरासा सरकत होता. आणि मी ओढला.

तिथून मी सुमनच्या सासरी गेलो, तिला आदल्याच दिवशी परत नेलं होतं. अकोल्याच्या पलीकडे दोन कोसांवर घर. माणसं वाईट नाहीत, उलट फार चांगली आहेत. सासऱ्याने मला खाट दिली, चहा दिला. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे, दोन वर्षं माझ्याकडे पाठवा, खर्च माझा, मॅट्रिक होऊ द्या. ते खाली पाहत म्हणाले, "तुमचं खरं हाय साहेब. पन तिले आता दिवस गेले हाय." सुमन दारामागे उभी होती. डोक्यावरून पदर. मी हाक मारली तेव्हा बाहेर आली, पायाला हात लावायला वाकली. मी विचारलं, "सुमे, पुस्तकं हायत का तुह्याजवय?" ती म्हणाली, "भावाले देल्ली काका. त्याले लागतीन." आणि मग माझीच समजूत घालायला म्हणाली, "जाऊ द्या ना काका. बाबा म्हनत होते, तुमी ठेवलंच असतं मले. तुमाले सांगाचंच राहून गेलं."

हे तू तिला सांगितलंस? की मी ठेवलंच असतं? माझ्या दारातून तसा परत गेल्यावरही?

काल घरी आलो तर काडेपेटी खिडकीत होती तशीच होती. आठ महिने मी ती उघडली नव्हती. बायको झाडताना उचलून पुन्हा तिथेच ठेवत होती. खरं सांगतो, उघडताना मला वाटलं आत चिठ्ठी असेल. मी खालचा कागदही काढून पाहिला. चिठ्ठी नव्हती. तीन गांडुळं होती, काळ्या वळांची, ओवून तयार. सुमनच्या हातची, कारण तिन्ही सरळ होती. बोट फिरवलं तर टोक लागत नाही. जरा दाबलं तेव्हा लागलं. खरी गांडुळं असती तर एव्हाना त्यांची माती झाली असती. ही मात्र आठ महिन्यांनीही ओली असल्यासारखी मऊ आहेत, आणि मी मरेन तेव्हाही तशीच असतील. मी त्यांचं काय करू? म्हैसडोहावर मी आता जाणार नाही. तो म्हातारा जिवंत असेल तर तोंडात गरी घेऊन फिरत असेल, नसेल तर तोही माझ्याच खात्यावर गेला.

तुला कृतज्ञतेचं काही लिहावं असं मनात होतं. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला तू तीस वर्षं सहन केलंस, माझी वाकडी गांडुळं न बोलता उसवलीस, हे थोडं नाही. पण आभार मानायला लागलो की पोह्यांची ती बशी दिसते आणि लिहिणं थांबतं.

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळपाट बाजूला सारला. मग म्हणाली, "त्या दिवशी निंगताना चपला घालता घालता तेयनं मले इचारलं होतं, वहिनी, पोरींची शाळा अठून किती लांब हाय? मी म्हटलं, दहा मिन्टं, काहून? तं म्हने, नाई, सहज." तिने मला ते सांगितलं नव्हतं, कारण मी दिवसभर फुगून बसलो होतो. "ठेवली असती की आपन," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत खाट मावते."

आज सकाळी कचेरीला जाण्याआधी मी घरातून निघालो आणि घड्याळ पाहत पोरींच्या शाळेपर्यंत चाललो. माझ्या पुढे दोन वेण्यांच्या पोरी दप्तरं घेऊन गप्पा मारत चालल्या होत्या, म्हणून मीही त्यांच्यामागे हळूहळू चाललो. दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, सुखदेव.